जुना डीएसएलआर मोडीत काढण्याआधी

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश एका तिरक्या आरशावरून वर वळतो आणि व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याला दिसतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये आरसा नसतो. तिथे सेन्सर सतत जागा असतो आणि त्याला दिसणारे दृश्य मागच्या स्क्रीनवर किंवा डोळ्याजवळच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दाखवले जाते. दोन्ही यंत्रांतला मूळ फरक एवढाच. पण या फरकावरून गेल्या काही वर्षांत एक निष्कर्ष रूढ झाला आहे: आरशाचा कॅमेरा संपला, त्यातही दहा-बारा वर्षांपूर्वीचा सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर तर भंगारच, तेव्हा फोटोवर पोट असलेल्याने तो मिळेल त्या किमतीला विकावा आणि आटोपशीर मिररलेस घ्यावा. विक्रेते हे सांगतात, यूट्यूबवरचे परीक्षक सांगतात, आणि ऐकून ऐकून व्यावसायिकही एकमेकांना सांगू लागले आहेत. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त भुर्दंड ज्याला तो परवडत नाही त्याच्यावरच पडतो.

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात फोटोग्राफरचे काम म्हणजे पासपोर्ट फोटो, शाळेचे स्नेहसंमेलन, बारसे, डोहाळजेवण, साखरपुडा, हळद, लग्न, वरात आणि हरिनाम सप्ताह. कमाई वर्षभर सारखी नसते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात, आणि लग्नाच्या तिथी एप्रिल-मेच्या उन्हात दाटीवाटीने येतात. दोन-तीन महिन्यांत कमवायचे आणि त्यावर वर्ष काढायचे, असा हा धंदा आहे. अशा माणसाने उसनवारी करून किंवा हप्त्यावर नवी बॉडी घेतली आणि तिने फोटोत काहीच भर घातली नाही, तर तो अख्खा हंगाम वाया जातो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीतून न घेता यंत्राच्या रचनेतून आणि प्रत्यक्ष कामातून काढले पाहिजे.

रूढ मताला काही खऱ्या गोष्टींचा आधार आहे, त्या आधी मान्य कराव्या लागतात. स्वस्त डीएसएलआरचे युग कॅननने २००३ मध्ये ३००डी आणून सुरू केले; एक हजार डॉलरच्या आत मिळणारा तो पहिला डीएसएलआर. निकॉनचे डी३१०० (२०१०) आणि डी३२०० (२०१२), कॅननचे १२००डी (२०१४) आणि १३००डी (२०१६) ही त्याच परंपरेतली यंत्रे. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी१ आणून मिररलेसची वाट खुली केली, आणि २०२० मध्ये जगभरात कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मिररलेसची संख्या डीएसएलआरपेक्षा जास्त झाली. निकॉनच्या डी३५०० नंतर आणि कॅननच्या १५००डी व ३०००डी नंतर त्या मालिकांत नवे काही आले नाही. ही तिन्ही मॉडेल २०१८ ची. कंपन्यांनी आपला पैसा आणि अभियंते मिररलेसकडे वळवले आहेत, यात वाद नाही. वाद पुढच्या उडीबद्दल आहे. कंपनीने एखादी वस्तू नव्याने घडवणे थांबवले म्हणून वापरणाऱ्याच्या हातातली ती वस्तू काम करायची थांबत नाही. हंगामातल्या लग्नाचा फोटो कसा येईल हे टोकियोतल्या संचालक मंडळात ठरत नाही. ते सेन्सर, लेन्स, प्रकाश आणि माणूस यांवर ठरते.

पहिला दावा चित्राच्या दर्जाचा. आरसा काढल्याने फोटो सुधारतो असे गृहीत धरले जाते, पण फोटो टिपतो त्या क्षणी डीएसएलआरचा आरसाही वाटेतून बाजूला झालेला असतो. त्या क्षणी दोन्ही कॅमेऱ्यांत लेन्समागे उघडा सेन्सर असतो, आणि या श्रेणीत त्या सेन्सरचा आकारही जवळजवळ एकच: निकॉन व सोनीचा साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमी, कॅननचा २२.३ गुणिले १४.९ मिमी. २०१२ चा निकॉन डी३२०० २४.२ मेगापिक्सेलचा आहे आणि २०२१ चा सोनी झेडव्ही-ई१० हा मिररलेस सुद्धा २४.२ मेगापिक्सेलचाच. कॅननचे १२००डी व १३००डी १८ मेगापिक्सेलचे आहेत, आणि अंधाऱ्या भागात त्यांचा नॉइज नव्या सेन्सरपेक्षा लवकर दिसतो हे खरे. पण लग्नाच्या बारा बाय छत्तीसच्या करिझ्मा अल्बमचे एक पान बारा बाय अठरा इंचांचे असते, आणि १८ मेगापिक्सेलचा फोटो त्या पूर्ण पानावर पसरला तरी इंचाला २८८ पिक्सेल मिळतात. अल्बम उघडून बघणाऱ्याला तिथे काही कमी जाणवत नाही.

खरा फरक लेन्समुळे पडतो, आणि याच ठिकाणी या सल्ल्याने सर्वांत मोठे नुकसान होते. जुन्या डीएसएलआरबरोबर १८-५५ मिमीची किट लेन्स येते; ५५ मिमीवर ती एफ ५.६ पर्यंतच उघडते. कॅननच्या आर५० व आर१०० या छोट्या मिररलेसबरोबर येणारी १८-४५ मिमीची लेन्स लांबच्या टोकाला एफ ६.३ पर्यंतच उघडते. म्हणजे नव्या, महागड्या संचात प्रकाश आत येण्याची वाट उलट थोडी अरुंद झाली आहे. त्याऐवजी जुन्याच बॉडीवर ५० मिमी एफ १.८ ची लेन्स, सगळ्या स्टुडिओंत जिला नुसते ‘फिफ्टी’ म्हणतात ती, लावली तर एफ ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश सेन्सरवर येतो. मंडपात किट लेन्सवर आयएसओ ६४०० लावावा लागत होता तिथे ८०० पुरतो, आणि तरीही थोडा प्रकाश शिल्लक राहतो. १२००डीच्या सेन्सरवरचा ८०० चा फोटो आणि नव्यातल्या नव्या छोट्या मिररलेसवरचा ६४०० चा फोटो शेजारी ठेवले, तर जुन्या कॅमेऱ्याचा फोटो स्वच्छ दिसेल. एवढा फरक कोणतीही नवी बॉडी एकटीने देऊ शकत नाही. निकॉन वापरणाऱ्याने एक खबरदारी घ्यावी. डी३१०० पासून डी३५०० पर्यंतच्या बॉडींत फोकसची मोटर नसते, म्हणून मोटर असलेलीच, म्हणजे एएफ-एस जातीची फिफ्टी घ्यावी. जुनी डी जातीची घेतली तर फोकस हाताने फिरवावा लागतो.

दुसरा दावा वजनाचा. मिररलेस हलका असतो, हे सर्वांना पटते कारण दुकानात बॉडी हातात दिली जाते आणि ती हलकी लागते. बॅटरी-कार्डासह डी३५०० चे वजन सुमारे ४१५ ग्रॅम, आर५० चे सुमारे ३७५ ग्रॅम. फरक ४० ग्रॅमचा. १५००डी ४७५ ग्रॅमचा आहे आणि आर१०० ३५६ ग्रॅमचा, म्हणून तिथे तफावत जास्त, पण फिफ्टीचे वजन दोन्हीकडे एकच, सुमारे १६० ग्रॅम. आरसा काढल्याने लेन्सचा माउंट सेन्सरच्या जवळ येतो. कॅननमध्ये हे अंतर ४४ मिमीवरून २० मिमीवर आले. त्याचा लाभ रुंद कोनाच्या लेन्सना होतो, लांब पल्ल्याच्या लेन्सना जवळजवळ होत नाही. तिथे वजन घटवायचे तर प्रकाश सोडावा लागतो. कॅननची जुनी ५५-२५० लेन्स ३७५ ग्रॅमची आणि टोकाला एफ ५.६ ची. मिररलेससाठीची ५५-२१० लेन्स २७० ग्रॅमची, पण टोकाला एफ ७.१ ची, आणि पल्लाही ४० मिमीने कमी. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात पहाटे मोर टिपायचा असेल, तर त्या १०५ ग्रॅमच्या बदल्यात एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश गमावलेला असतो. प्रवासात गळ्यात अडकवून फिरणाऱ्याला हा सौदा मानवेल. पहाटेच्या अंधुकात मोराची हालचाल गोठवायची असेल त्याला मानवणार नाही. शिवाय आठ तास कॅमेरा धरून उभे राहणाऱ्याला खोल मूठ असलेली बॉडी सोयीची पडते, आणि छोट्या बॉडीत करंगळीला जागाच उरत नाही.

ऊन आणि वीज यांचा विचार या चर्चेत जवळजवळ होतच नाही, कारण ती चर्चा करणारे बहुतेक जण वातानुकूलित खोलीत बसलेले असतात. बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. या श्रेणीतल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या, डीएसएलआर असो की मिररलेस, माहितीपुस्तकात वापराची तापमानमर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. म्हणजे दुपारच्या मुहूर्ताचे लग्न म्हणजे त्या मर्यादेबाहेरचे काम. डीएसएलआरचा सेन्सर फोटोच्या क्षणापुरता जागतो आणि बाकीचा वेळ थंड राहतो. मिररलेसचा सेन्सर, प्रोसेसर आणि पडदा कॅमेरा चालू असेपर्यंत राबत असतात. हीच गोष्ट बॅटरीबाबत. कॅमेरा उद्योगाच्या प्रमाणित चाचणीत डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो काढतो, कॅनन १२००डी ५००, आणि सोनीचा गाजलेला ए६००० हा मिररलेस व्ह्यूफाइंडरवर ३१० व मागच्या पडद्यावर ३६०. प्रत्यक्षात हे आकडे कमी-जास्त होतात, पण त्यांचे आपसातले प्रमाण फारसे बदलत नाही. डी३५०० वर हळदीपासून वरातीपर्यंत एक-दोन बॅटऱ्यांवर निभावणे आणि चार बॅटऱ्या खिशात ठेवून त्या कुठे चार्ज करायच्या याची विवंचना करणे, यांत भारनियमनाच्या गावात फार अंतर आहे. नव्या मिररलेसच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे: झेडव्ही-ई१० किंवा आर५० पॉवर बँकेवरून चार्ज करता येतो, जुन्या डीएसएलआरना ती सोय नाही. त्यांना सुट्या चार्जरशिवाय गत्यंतर नसते.

उन्हाचा दुसरा परिणाम दिसण्यावर होतो. झेडव्ही-ई१० ला व्ह्यूफाइंडरच नाही. भर दुपारी उघड्या मैदानात त्याच्या मागच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा जास्त दिसतो आणि वधू-वर कमी. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून थेट प्रकाश डोळ्यात येतो. ऊन जितके कडक तितके तिथले दृश्य लख्ख. हा व्ह्यूफाइंडर चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दाखवतो, फोटो उजळ येईल की काळा हेही आधी सांगत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर ते सांगतो. नवशिक्याला त्याची मोठी मदत होते. पण ज्याचा हात एक्स्पोजरवर बसला आहे त्याला त्या मदतीची गरज नसते, उन्हात दिसण्याची मात्र असतेच.

फ्लॅशच्या बाबतीत जुन्या यंत्राचे पारडे अनपेक्षितपणे जड आहे. गावाकडचा स्टुडिओ आणि स्टेज स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि रेडिओ ट्रिगर यांवर चालतात. ही साधने कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉट शूमधल्या मधल्या पिनवर पेटतात. ती पिन निकॉनच्या जुन्या बॉडींत आहे, कॅननच्या १२००डी व १३००डीमध्ये आहे. कॅननने २०१८ मध्ये १५००डी व ३०००डीमधून ती काढून टाकली, त्यामुळे नवा म्हणून घेतलेल्या १५००डीवर आधीचा ट्रिगर पेटत नाही आणि दोष ट्रिगरला दिला जातो. आर५० च्या नव्या पद्धतीच्या शूवर जुना फ्लॅश थेट बसत नाही. त्यासाठी वेगळे अ‍ॅडॉप्टर विकत घ्यावे लागते. झेडव्ही-ई१० वर फ्लॅश बसतो, पण त्यात अंगचा फ्लॅश नाही, आणि त्याची फ्लॅशशी जुळणारी शटरगती सेकंदाच्या १/१६० पर्यंतच, जिथे जुने डीएसएलआर १/२०० पर्यंत जातात. जुन्या फ्लॅशमधून अंधारात फोकससाठी पडणारी लाल जाळी डीएसएलआरचा फोकस सेन्सर वाचतो. बहुतेक मिररलेसना तिचा उपयोग होत नाही. बॉडी बदलली की फ्लॅश, ट्रिगर, बॅटऱ्या, चार्जर असे सगळेच हळूहळू बदलावे लागते, आणि हा खर्च बॉडीच्या किमतीच्या चिठ्ठीवर कुठेच लिहिलेला नसतो.

तिसरा दावा भविष्याचा. डीएसएलआर घेणे म्हणजे मेलेल्या व्यवस्थेत पैसे घालणे, असे म्हटले जाते. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. निकॉनने २०११ मध्ये निकॉन १ ही मिररलेस मालिका आणली आणि २०१८ मध्ये बंद केली. सॅमसंगने एनएक्स मालिका आणली आणि सोडून दिली. कॅननने २०१२ मध्ये ईओएस एम आणली, एम५० सारखी तिची मॉडेल जोरात खपली, आणि २०२३ मध्ये तीही थांबवली. त्या माउंटच्या लेन्स कॅननच्या आजच्या आर मालिकेवर बसतच नाहीत. ‘भविष्य’ म्हणून विकत घेतलेली ही यंत्रे पोरकी झाली. दुसरीकडे निकॉनचा एफ माउंट १९५९ चा आणि कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा. या माउंटच्या इतक्या लेन्स जगात फिरत आहेत की मुंबईच्या फोर्टमधल्या बोरा बाजारापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या दुकानांपर्यंत त्या सेकंडहँड मिळतात. ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आर मालिकेवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात. तेव्हा आज जुन्या बॉडीसाठी घेतलेली चांगली लेन्स उद्या मिररलेस घेतला तरी वाया जात नाही. आज घाईने घेतलेली एफ ६.३ ची किट लेन्स मात्र उद्याही एफ ६.३ चीच राहते.

जुन्या यंत्राची खरी दुर्बलता वेगळीच आहे आणि मिररलेसचे कैवारी ती क्वचितच नीट मांडतात. आरसा आणि शटर ही हलणारी, झिजणारी यंत्रणा आहे. डी३२०० चे शटर कंपनीने १,००,००० वेळा चालवून तपासले आहे. एका लग्नात दोन हजार फोटो धरले तर पन्नास लग्नांत ही मर्यादा गाठली जाते. त्यानंतर शटर लगेच बंद पडते असे नाही, पण ऐन मुहूर्तावर ते अडकण्याची भीती खरी असते. म्हणून सेकंडहँड डीएसएलआर घेताना बाहेरची चमक बघू नये, शटर काउंट बघावा. निकॉन तो फोटोच्या फाइलमध्येच लिहितो. कॅननच्या जुन्या मॉडेलमध्ये तो वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. आरशाला एक उपकारक बाजूही आहे: लेन्स बदलताना सेन्सरपुढे आरसा आणि बंद शटर उभे असतात. या श्रेणीतल्या बहुतेक मिररलेसमध्ये सेन्सर उघडाच राहतो, आणि उसाच्या फडाकडेच्या धुळीत हा फरक महिन्याभरात फोटोवरच्या काळ्या ठिपक्यांतून दिसू लागतो.

ऑटोफोकसमध्ये मिररलेस निःसंशय पुढे आहे. १२००डीमध्ये नऊ फोकस बिंदू आहेत, डी३१०० ते डी३५०० मध्ये अकरा, आणि ते सगळे चौकटीच्या मध्यभागी गोळा झालेले. कॅननच्या नऊपैकी मधला एकच क्रॉस जातीचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस पकडणारा. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो. त्याची आणि मुख्य सेन्सरची जुळणी किंचित हुकली तर डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात, आणि ही चूक दुरुस्त करण्याची सोय स्वस्त बॉडींत दिलेलीच नाही. मिररलेस मुख्य सेन्सरवरच फोकस मोजतो, म्हणून ही चूक तिथे मुळातच उद्भवत नाही. तो डोळा ओळखतो आणि नवरी मान वळवते तेव्हाही सोडत नाही. वरातीतल्या नाचाचे आणि कँडिडचे काम ज्याला मुख्यतः मिळते त्याला याचा रोज फायदा आहे. ग्रुप फोटो, स्टेजवरचे आहेर, पासपोर्ट, अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांत तिपाईवरून काढलेले शिल्पांचे फोटो, या कामांत मात्र समोरचा विषय स्थिर असतो आणि मधला एक बिंदू पुरतो.

व्हिडिओचा प्रश्न सरळ आहे आणि तिथे जुन्या डीएसएलआरची बाजू घेणे चुकीचे ठरेल. १२००डी, १३००डी, १५००डी यांपैकी एकालाही माइक जोडण्याची जागा नाही. निकॉनमध्ये ती डी३२०० आणि डी३३०० ला होती, डी३४०० आणि डी३५०० मधून काढली गेली. चित्रीकरण चालू असताना माणूस पुढे-मागे सरकला तर या कॅमेऱ्यांचा फोकस चाचपडतो. १२००डीचे सलग चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबते, आणि सप्ताहातले कीर्तन दोन तास चालते. बीड जिल्ह्यात कीर्तनाचे चित्रीकरण करून ते यूट्यूबवर टाकणे हे आता नियमित काम आहे. ज्या फोटोग्राफरची निम्मी कमाई त्यावर आहे त्याने मिररलेस घ्यावा, आणि घेताना नाव न बघता काम बघावे. आर१०० स्वस्त आहे, पण त्याचा ४के व्हिडिओ चौकट कापून मिळतो आणि त्या वेळी त्याचा चांगला ऑटोफोकस बंद असतो. १०८०पीवर तो चालू राहतो. झेडव्ही-ई१० ला माइक आणि हेडफोन दोन्ही जोडता येतात, पडदा बाजूला उघडून फिरवता येतो आणि अर्ध्या तासाचा अटकाव नाही, मात्र उन्हाळ्यात लांब चित्रीकरण ४के ऐवजी १०८०पीवरच करावे, कारण ४के मध्ये तो तापून बंद पडू शकतो. तो घेतल्यावरही १२००डी विकू नये. वापरलेल्या जुन्या बॉडीला बाजारात मिळणारी रक्कम इतकी थोडी असते की तिच्यातून फिफ्टीचा खर्चही सुटणे कठीण, आणि कीर्तनाचा कॅमेरा तिपाईवर अडकलेला असताना दिंडीचे, पंगतीचे आणि काल्याचे फोटो काढायला दुसरी बॉडी लागतेच.